प्रश्नांची पेटी
(डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड : जीवन आणि कार्य)

हिटलरच्या राजवटीविषयी वाचताना १० मे १९३३ ही तारीख आपल्या सर्वांनाच भेटते. त्या रात्री बर्लिनच्या ऑपेरा चौकात विद्यार्थ्यांनी पुस्तकांची होळी केली, एवढे आपण वाचतो, परीक्षेत लिहितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. ती पुस्तके आली कोठून, असे सहसा कोणी विचारीत नाही. मार्क्स, फ्रॉइड, आइन्स्टाइन ही नावे सांगितली जातात आणि ती खरीच आहेत. पण त्या ढिगातील हजारो पुस्तके एकाच ग्रंथालयातून, चार दिवस आधी लुटून आणलेली होती. ते ग्रंथालय एका डॉक्टरांनी उभे केले होते. त्यांचे नाव डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड. ज्यांना आज आपण समलिंगी, तृतीयपंथी, पारलिंगी म्हणतो, त्या माणसांसाठी जगातली पहिली संघटना त्यांनी काढली आणि आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षे त्या एका कामाला दिली. त्यांचे चरित्र थोडक्यात सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा विषय वार्षिकांकासाठी घ्यावा की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील बाजार समितीत हमाली करतात. पोत्यावरचे आकडे त्यांना वाचता येतात, अक्षरे येत नाहीत. अशा घरातल्या मुलीने सावित्रीबाईंवर लिहावे, अहिल्याबाईंवर लिहावे, हे भलतेच काय घेतले, असे काहींना वाटेल. मला मात्र असे वाटते की जे घरात बोलता येत नाही, ते निदान महाविद्यालयात समजून घेता आले पाहिजे. नाहीतर मग येथे यायचे तरी कशाला?

हिर्शफेल्ड यांचा जन्म १४ मे १८६८ रोजी बाल्टिक समुद्राच्या काठी कोलबर्ग या गावी झाला. हे गाव तेव्हा प्रशियात होते, आज ते पोलंडमध्ये आहे. घराणे ज्यू. वडील डॉक्टर होते आणि गावात त्यांना मोठा मान होता. माग्नुस यांना आधी भाषांचा अभ्यास करायचा होता, परंतु शेवटी तेही वैद्यकाकडे वळले आणि १८९२ मध्ये त्यांना पदवी मिळाली. काही काळ अमेरिकेत काढून ते परतले आणि प्रथम माग्देबुर्ग येथे व नंतर बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग येथे त्यांनी दवाखाना थाटला. इतर चार डॉक्टरांप्रमाणे त्यांचेही आयुष्य सुखात गेले असते. पण तसे व्हायचे नव्हते.

त्या वेळी जर्मनीत दंडसंहितेचे कलम १७५ लागू होते. दोन पुरुषांमधील शरीरसंबंध हा या कलमाने गुन्हा ठरविला होता आणि त्यास तुरुंगवासाची शिक्षा होती. शिक्षेपेक्षाही भयंकर होती ती खंडणी. एखाद्याचे गुपित कळले की त्याला जन्मभर पिळणारे लोक बर्लिनमध्ये टोळ्याटोळ्यांनी होते. तक्रार करावी तर स्वतःच तुरुंगात जावे लागे. कार्ल हाइनरिक उलरिक्स नावाच्या एका वकिलाने १८६७ साली म्युनिकमध्ये कायदेपंडितांच्या सभेत उभे राहून या कायद्यांविरुद्ध बोलण्याचा प्रयत्न केला होता. सभेने आरडाओरडा करून त्याला खाली बसविले. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे कोणी उठले नाही.

हिर्शफेल्ड उठले त्याला एक मृत्यू कारण झाला. त्यांच्याकडे एक तरुण लष्करी अधिकारी उपचारासाठी येत असे. त्याचे लग्न ठरले होते. लग्नाच्या आदल्या रात्री त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि मागे डॉक्टरांच्या नावे एक पत्र ठेवले. आपले दुःख आपल्या आईवडिलांनाही सांगता आले नाही, निदान तुम्ही ते जगाला सांगा, असा त्या पत्राचा आशय होता. त्याच सुमारास, १८९५ मध्ये, इंग्लंडात ऑस्कर वाइल्ड या नामवंत लेखकाला याच कारणावरून दोन वर्षे सक्तमजुरी झाली. या दोन्ही घटना हिर्शफेल्ड यांच्या मनातून जाईनात. १८९६ मध्ये त्यांनी 'सॅफो आणि सॉक्रेटिस' ही छोटी पुस्तिका लिहिली. तिच्यावर स्वतःचे नाव घालणे त्यांना तेव्हा शक्य झाले नाही. टोपणनावाने ती छापली गेली.

त्या अधिकाऱ्याची हकीकत वाचताना मी पुढची पाने लगेच वाचू शकले नाही. आमच्या आळीत एक दादा होता. तालुक्याच्या वाचनालयातून तो स्वतःच्या नावावर पुस्तके आणी आणि मला वाचायला देई. मी आज बी.ए.ला आहे, त्यात त्याचा वाटा मोठा आहे. त्याचे लग्न ठरले. मांडव पडला, पाहुणे आले आणि हळदीच्या आदल्या रात्री तो घरातून निघून गेला. त्याला आता सात वर्षे झाली. गावाने हवी ती कारणे लावली. कोणी म्हणे कर्ज, कोणी म्हणे करणी. खरे कारण काय होते, ते मी येथे लिहिणार नाही. ते सांगायचे की नाही हे ठरविण्याचा हक्क त्याचा एकट्याचा आहे. त्याची आई दर दिवाळीला त्याच्या वाटचा फराळ डब्यात बाजूला काढून ठेवते, एवढेच सांगते. पत्र लिहून ठेवता येईल असा एक डॉक्टर त्या लष्करी अधिकाऱ्याला निदान मिळाला होता.

असो. १५ मे १८९७ रोजी हिर्शफेल्ड यांच्या शार्लोटेनबुर्ग येथील घरी चार माणसे जमली. स्वतः हिर्शफेल्ड, लाइपझिगचे प्रकाशक माक्स श्पोर, रेल्वेतील अधिकारी एडुआर्ड ओबर्ग आणि फ्रान्झ योसेफ फॉन ब्यूलो. त्यांनी वैज्ञानिक मानवतावादी समिती स्थापन केली. विज्ञानाच्या मार्गाने न्यायापर्यंत जायचे, हे समितीचे ब्रीद होते. कलम १७५ रद्द करावे असा अर्ज तयार करून त्यावर सह्या गोळा करण्याचे काम लगेच सुरू झाले. जानेवारी १८९८ मध्ये समाजवादी पुढारी आउगुस्ट बेबेल यांनी जर्मन संसदेत उभे राहून हा अर्ज उचलून धरला. सभागृहात गदारोळ झाला आणि अर्ज बारगळला. पण सह्यांचे काम थांबले नाही. पुढील काळात त्या अर्जाखाली आइन्स्टाइन, टॉमस मान, हेरमान हेस, रिल्के, मार्टिन बूबर, केटे कोलविट्झ अशा पाच हजारांवर नामवंतांच्या सह्या जमल्या. यांतील बहुतेकांचा या प्रश्नाशी स्वतःपुरता काहीही संबंध नव्हता. हे मला विशेष वाटते. अन्याय आपल्यावर झालेला नसतानाही त्याविरुद्ध सही करणे, यालाच सुशिक्षितपणा म्हणत असतील.

हिर्शफेल्ड यांचा विचार काय होता? निसर्गात शंभर टक्के पुरुष आणि शंभर टक्के स्त्री असे कोणी नसते, असे ते सांगत. शरीराची ठेवण, मनाचा कल, आकर्षण कोणाविषयी वाटते, राहणी कशी आवडते, या प्रत्येक बाबतीत माणसामाणसांत स्त्रीत्व आणि पुरुषत्व यांचे प्रमाण निरनिराळे असते. अशा बाबींची कोष्टके मांडून त्यांनी गणितच करून दाखविले आणि त्यातून ४ कोटी ३० लाखांहून अधिक प्रकार संभवतात, असा हिशेब काढला. म्हणजे एका अर्थाने प्रत्येक माणूस आपल्यासारखा आपणच! मग यांतील थोड्यांना तेवढे गुन्हेगार का ठरवावे, असा त्यांचा साधा सवाल होता. १८९९ पासून १९२३ पर्यंत त्यांनी या विषयाला वाहिलेले एक वार्षिक चालविले. १९१० मध्ये त्यांचे पुरुष असून स्त्रीवेष किंवा स्त्री असून पुरुषवेष धारण करणाऱ्या व्यक्तींवरील पुस्तक निघाले आणि वेषाची ओढ व आकर्षणाची दिशा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी स्पष्ट केले. १९१४ मध्ये समलिंगी स्त्रीपुरुषांवरील त्यांचा हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

केवळ तर्काने कोणी ऐकणार नाही, मोजून दाखविले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून १९०३ च्या अखेरीस त्यांनी शार्लोटेनबुर्गच्या तंत्रमहाविद्यालयातील सुमारे ३००० विद्यार्थ्यांना एक प्रश्नपत्रिका पाठविली. नाव लिहायचे नव्हते. आपल्याला आकर्षण कोणाविषयी वाटते, एवढेच विचारले होते. पाठोपाठ बर्लिनच्या धातूकामगारांनाही तसेच विचारले. शेकडा दोनांहून थोडी अधिक माणसे समलिंगी कलाची असावीत, असा निष्कर्ष निघाला. विद्यार्थी आणि कामगार या दोन्ही वर्गांत अशी माणसे आढळली. हे श्रीमंतांचे चोचले आहेत, गरिबांत असले काही नसते, या समजुतीला त्यामुळे तडा गेला. परंतु काही विद्यार्थ्यांना त्या प्रश्नाचाच अपमान वाटला. त्यांनी फिर्याद केली आणि १९०४ मध्ये न्यायालयाने हिर्शफेल्ड यांना २०० मार्क दंड केला. दंड झाला तो प्रश्न विचारला म्हणून!

त्याच वर्षी त्यांनी बर्लिनमधील या समाजाच्या जीवनावर एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी त्यांच्या खानावळी, नाच, क्लब, मैत्री, संसार यांचे वर्णन केले आहे. नाताळच्या रात्रीचे वर्णन तर चटका लावणारे आहे. ज्यांना घरच्यांनी दार बंद केले आहे, अशी माणसे त्या रात्री एकमेकांच्या सोबतीने सण साजरा करीत. सणाच्या दिवशी घर नसणे म्हणजे काय, हे ज्यांची माणसे दूर आहेत त्यांना सांगायला नको. पुढे पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये हे जीवन पुष्कळच उघड झाले. समलिंगी स्त्रियांसाठी 'डी फ्रॉइंडिन' म्हणजे मैत्रीण या नावाचे नियतकालिक १९२४ पासून दुकानांवर उघड टांगलेले असे. कलम १७५ हे पुरुषांपुरतेच होते. ते स्त्रियांनाही लावण्याचा घाट १९१० च्या सुमारास घातला गेला, तेव्हा हेलेने श्टोकर यांच्यासारख्या स्त्रीचळवळीतील कार्यकर्त्या हिर्शफेल्ड यांच्या बरोबर उभ्या राहिल्या.

चरित्रनायकाला देव करून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. ती मी पाळणार नाही. हिर्शफेल्ड यांच्या हातून एक मोठी चूक झाली. १९०७ मध्ये कैसरच्या निकटच्या वर्तुळातील मंडळी समलिंगी असल्याचा गौप्यस्फोट हार्डेन नावाच्या पत्रकाराने केला. त्यावरून जनरल मोल्टके यांनी बदनामीचा खटला भरला. हिर्शफेल्ड तज्ज्ञ म्हणून साक्षीला उभे राहिले आणि मोल्टके यांचा कल समलिंगी असल्याचे त्यांनी भर न्यायालयात सांगितले. मोठी माणसेही अशी असतात हे कळले तर कायदा बदलेल, अशी त्यांची अटकळ असावी. घडले उलटेच. दुसऱ्या सुनावणीत त्यांना आपले मत मागे घ्यावे लागले. हा डॉक्टर उद्या आपलेही नाव सांगेल, या भीतीने समितीला वर्गणी देणारे कितीतरी जण दूर गेले आणि ज्यूद्वेष्ट्यांना आयतेच कोलीत मिळाले. माणसाच्या न्यायासाठी लढतानाही त्याचे गुपित त्याच्या संमतीवाचून चव्हाट्यावर आणू नये, हा धडा त्या प्रकरणातून घेण्यासारखा आहे. सुप्रजननशास्त्राच्या त्या काळच्या कल्पनांचा प्रभावही त्यांच्यावर होता आणि त्यांतील काही गोष्टी आज कोणी मान्य करणार नाही. तसेच ते स्वतः समलिंगी होते, पण जाहीरपणे त्यांनी तसे कधी सांगितले नाही. ज्या देशात तो गुन्हा होता, तेथे यासाठी त्यांना कोणी दोष देऊ नये.

६ जुलै १९१९ हा त्यांच्या आयुष्यातील सर्वात आनंदाचा दिवस असावा. त्या दिवशी बर्लिनच्या टियरगार्टन भागातील एका प्रशस्त वाड्यात त्यांची लैंगिक विज्ञान संस्था सुरू झाली. अशी संस्था जगात दुसरी नव्हती. तेथे दवाखाना होता, संग्रहालय होते, व्याख्यानांचे दालन होते आणि हजारो ग्रंथांचे ग्रंथालय होते. संततिनियमन, गुप्तरोग, विवाहातील अडचणी, अशा सर्व बाबतींत सल्ला मिळे आणि गरिबांकडून पैसे घेतले जात नसत. मला सर्वांत आवडली ती तेथील प्रश्नांची पेटी. विचारायला लाज वाटते असा प्रश्न कोणीही चिठ्ठीवर लिहून, नाव न घालता, त्या पेटीत टाकावा आणि ठरलेल्या संध्याकाळी डॉक्टरांनी सर्वांसमोर त्याचे उत्तर द्यावे, अशी पद्धत होती. पुरुषाच्या देहात जन्मलेल्या पण स्त्री म्हणून जगू इच्छिणाऱ्या डोरा रिश्टर या संस्थेत घरकाम करीत. त्यांच्यावर तेथील डॉक्टरांच्या मदतीने १९२२ आणि १९३१ मध्ये शस्त्रक्रिया झाल्या. अशा माणसांना इतरत्र कोणी कामावर ठेवीत नसे. संस्थेने त्यांना काम दिले, हे शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे. स्त्रीवेषात हिंडणाऱ्यांना पोलिसांनी धरू नये म्हणून डॉक्टरांच्या शिफारशीवरून दाखले मिळत. कार्ल गीझे हे हिर्शफेल्ड यांचे सहचर. संस्थेतील कागदपत्रांची व्यवस्था त्यांच्याकडे होती.

त्याच वर्षी 'आन्डर्स आल्स डी आन्डर्न' म्हणजे इतरांहून वेगळे हा चित्रपट आला. खंडणीखोराच्या कचाट्यात सापडलेल्या एका समलिंगी वादकाची ती शोकांतिका होती आणि हिर्शफेल्ड यांनी तिच्यात स्वतः डॉक्टरचे काम केले होते. १९२० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात म्युनिकमध्ये व्याख्यान देऊन परतताना गुंडांनी त्यांना गाठून इतके मारले की ते मेले अशीच समजूत झाली. काही वर्तमानपत्रांनी मृत्युलेखही छापले आणि ते वाचण्याचा योग खुद्द हिर्शफेल्ड यांना आला! बरे होताच ते पुन्हा व्याख्यानांना निघाले.

१६ ऑक्टोबर १९२९ रोजी यश अगदी उंबरठ्यावर आले. संसदेच्या समितीने १५ विरुद्ध १३ मतांनी प्रौढ पुरुषांमधील संबंध गुन्ह्यातून वगळण्याचा निर्णय दिला. बत्तीस वर्षांच्या खटाटोपाला फळ आले असे वाटले. पण तो मसुदा कायदा होण्याआधीच देशाचे राजकारण पालटले. नाझींचे बळ वाढत चालले होते. ज्यू, समाजवादी विचारांचे आणि समलिंगी, असे हिर्शफेल्ड त्यांच्या डोळ्यांत तिन्ही बाजूंनी सलत होते.

१९३० च्या अखेरीस ते अमेरिकेत व्याख्यानांसाठी गेले आणि तेथून जगाच्या प्रवासाला निघाले. जपान, चीन, फिलिपाइन्स, इंडोनेशिया, सिलोन असे करीत १९३१ मध्ये ते भारतात आले. अलाहाबादला त्यांची जवाहरलाल नेहरूंशी भेट झाली. आपल्या स्वातंत्र्यलढ्याविषयी त्यांना मनापासून सहानुभूती होती. अमेरिकेच्या कॅथरिन मेयो या लेखिकेने 'मदर इंडिया' या १९२७ च्या पुस्तकात आपल्या समाजाचे विकृत चित्र रंगविले होते. हिर्शफेल्ड यांनी आपल्या प्रवासवर्णनात तिचा समाचार घेतला. चीनमध्ये शांघायला ली शिऊ तोंग हा वैद्यकाचा तरुण विद्यार्थी त्यांच्या व्याख्यानाला आला होता. तो त्यांच्याबरोबरच निघाला आणि अखेरपर्यंत बरोबर राहिला.

याच काळात आपल्या मुंबईत एक माणूस जवळजवळ हेच काम एकट्याने करीत होता. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. वाचकांनी न लाजता प्रश्न पाठवावेत आणि कर्व्यांनी रोखठोक उत्तरे द्यावीत, ही त्या मासिकाची पद्धत. बर्लिनची प्रश्नांची पेटी ती हीच! त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण लोकांच्या लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तरे देणे हा गुन्हा होऊ शकत नाही, ही बाजू बाबासाहेबांनी मांडली होती, हे मराठी माणसाने विसरता कामा नये. मासिक मात्र १९५३ मध्ये कर्वे वारले तोपर्यंत चालू राहिले.

प्रवासाहून हिर्शफेल्ड १९३२ मध्ये युरोपात परतले. जर्मनीत पाऊल टाकू नका, असे मित्रांनी कळविले होते. ते ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड असे फिरत राहिले. ६ मे १९३३ च्या सकाळी शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयातील सुमारे शंभर विद्यार्थी मालमोटारी घेऊन बर्लिनच्या संस्थेपुढे आले. बरोबर वाजंत्री होती. वाद्यांच्या गजरात त्यांनी दारे फोडली, शाईच्या बाटल्या गालिच्यांवर उलट्या केल्या, कपाटे रिकामी केली. दुपारी नाझींचे सैनिक उरलेले न्यायला आले. दहा हजारांहून अधिक पुस्तके गेली. चार दिवसांनी ऑपेरा चौकात ती पेटविली गेली. हिर्शफेल्ड यांचा अर्धपुतळा मिरवणुकीतून नाचवीत आणला होता. तोही आगीत टाकला. हिर्शफेल्ड यांनी हे सारे पॅरिसच्या एका चित्रपटगृहात बातमीपटात पाहिले. अंधारात बसून, आपल्या जन्माची कमाई पडद्यावर जळताना!

माझ्या आईला वाचता येत नाही. पण वाटेत छापील कागदाला चुकून पाय लागला तर ती तो उचलून कपाळाला लावते. त्या कागदावर काय छापले आहे, हे ती पाहत नाही. अक्षर आहे एवढे तिला पुरते. आणि ज्यांनी ही होळी केली ते अडाणी नव्हते. विद्यापीठांत शिकणारे, माझ्या आणि तुमच्या वयाचे होते. त्यांच्या हातात पदव्या पडणार होत्या. शिक्षणाने माणूस आपोआप शहाणा होतो, यावरचा माझा विश्वास ही हकीकत वाचल्यापासून डळमळला आहे.

हिर्शफेल्ड नंतर फ्रान्समधील नीस येथे राहिले. १४ मे १९३५ रोजी, आपल्या सदुसष्टाव्या वाढदिवशीच, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. गीझे यांनी १९३८ मध्ये आत्महत्या केली. १९३५ मध्येच नाझींनी कलम १७५ अधिक कडक केले. त्याखाली सुमारे ५० हजार पुरुषांना शिक्षा झाल्या. हजारोंना छळछावण्यांत पाठविले गेले आणि तेथे त्यांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवला गेला. युद्ध संपल्यावर इतर कैदी सुटले, पण यांच्यातील काहींना उरलेली शिक्षा भोगावी लागली, कारण पश्चिम जर्मनीने नाझींचे ते कलम १९६९ पर्यंत तसेच ठेवले. ते समूळ गेले १९९४ मध्ये. १९४५ नंतर ज्यांना त्या कलमाखाली शिक्षा झाल्या होत्या, त्या रद्द करण्यास २०१७ साल उजाडले.

आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेचे कलम ३७७ इंग्रजांनी आणले आणि इंग्रज गेल्यावरही ते ७१ वर्षे राहिले. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरविण्याचा हक्क दिला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून मुक्त केले. त्यामागे आपल्या राज्यातील माणसांचेही कष्ट आहेत. १९९० मध्ये मुंबईतून 'बॉम्बे दोस्त' निघाले, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. रंगभूमीवर तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्येच आणले होते. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने नाकारला आहे. म्हणजे वाट अजून बाकी आहे. आणि कायदा बदलला म्हणून आळी बदलत नाही, हे मला ठाऊक आहे.

ज्या ऑपेरा चौकात ती पुस्तके जळाली, त्याला आज बेबेल चौक म्हणतात. १८९८ मध्ये संसदेत तो अर्ज उचलून धरणारे बेबेल ते हेच. चौकाच्या फरशीत एक काच बसविली आहे. तिच्यातून खाली पाहिले की जमिनीखाली पांढरी रिकामी कपाटे दिसतात. वीस हजार पुस्तके मावतील एवढी कपाटे, आणि पुस्तक एकही नाही.

हिर्शफेल्ड यांच्या आयुष्यात तीन प्रकारचे विद्यार्थी आले. एकांना त्यांचा प्रश्न सहन झाला नाही म्हणून ते कोर्टात गेले. दुसऱ्यांनी वाजतगाजत येऊन त्यांचे ग्रंथालय लुटले. तिसरा होता ली शिऊ तोंग. गुरूच्या मागे त्याने त्यांचे कागद आणि वस्तू पेट्यांत घालून देशोदेशी सांभाळल्या. १९९३ मध्ये कॅनडात व्हँकुव्हर येथे तो वारला, तेव्हा त्या पेट्या कचऱ्यात गेल्या होत्या. एका शेजाऱ्याने त्या उचलून ठेवल्या म्हणून त्यांतले पुष्कळसे आज अभ्यासकांच्या हाती आहे.

आपल्या वर्गात, वसतिगृहात, आळीत, शेकडा दोन म्हटले तरी अशी माणसे आहेतच. कोणाची नावे आपल्याला कळावीत असे मुळीच नाही. त्यांना वाटलेच तर चिठ्ठी टाकता येईल अशी एखादी पेटी, एखादे पुस्तक, एखादा माणूस आपल्या महाविद्यालयात असावा, एवढेच मला म्हणायचे आहे. या वर्षी आमच्या ग्रंथालयाच्या मागणीवहीत मी र. धों. कर्व्यांच्या पुस्तकांची नावे लिहिली आहेत. खाली आणखी सह्या झाल्या तर पुस्तके लवकर येतील.